होडीचा खर्च काठावर : वर्धा नदीपासून मुंबई बंदरापर्यंत

१/ यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे गाव कोळशाच्या खाणींसाठी आणि चुनाभट्ट्यांसाठी ओळखले जाते. अरबी समुद्र येथून सहाशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. येथे नौकानयनाचा इतिहास शोधायला कोणी येणार नाही. तरीही एकोणिसाव्या शतकात याच परिसरातील कापूस होड्यांत भरून नद्यांच्या वाटेने थेट बंगालच्या उपसागरापर्यंत नेण्याचा बेत सरकारदरबारी शिजला होता. त्यावर लाखो रुपये खर्चही झाले.

२/ तो बेत का फसला, या प्रश्नाचा एका अगदी आजच्या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे. जगभरातील मरिनांमध्ये, म्हणजे खासगी नौकांना भाड्याने जागा देणाऱ्या बंदरांमध्ये, छोटी शिडाची नौका ठेवणे वर्षागणिक महाग का होत आहे? नौका तीच, शीड तेच, वाराही फुकटचाच. मग खर्च वाढतो तो कशाचा? या प्रश्नाचे उत्तर वर्धेच्या काठी, विजयदुर्गच्या खाडीत आणि मुंबईच्या धक्क्यांवर सापडते.

३/ प्रथम वर्धा नदी. वणीच्या पूर्वेकडून वाहणारी वर्धा पुढे पैनगंगेला पोटात घेते आणि मग वैनगंगेला मिळते. तेथून तिचे नाव प्राणहिता. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत विलीन होते आणि गोदावरी राजमहेंद्रीखाली समुद्राला मिळते. नकाशावर पाहिले, तर वऱ्हाडाच्या पूर्व कडेपासून समुद्रापर्यंत निसर्गाने आखून दिलेला हा एक अखंड जलमार्गच आहे.

४/ गोदावरीच्या मुखाजवळ धवळेश्वरम येथे १८४७ ते १८५२ या काळात मोठा बंधारा बांधणारे अभियंते आर्थर कॉटन यांना हा मार्ग दिसला. रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त, हे त्यांचे आयुष्यभराचे प्रतिपादन होते. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला होता. १८५७ मध्ये मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी कापूसपुरवठ्यासाठी आपली संघटना स्थापन केली होती आणि वऱ्हाडच्या कापसावर त्यांची नजर होती.

५/ १८६० मध्ये निजामाशी झालेल्या तहाने सिरोंचाकडील गोदावरीकाठचा मुलूख इंग्रजांकडे आला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि तेथून येणारा कापूस आटला. वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गोदावरी आणि प्राणहिता यांच्या पात्रांतील खडकाळ अडथळे ओलांडण्यासाठी बंधारे, कालवे आणि जलपाशांचे काम जोमाने सुरू झाले.

६/ असे मोठे अडथळे तीन होते. अशा प्रत्येक ठिकाणी नदी मैलोन्मैल खडकांतून उसळत जाते. तिच्या कडेने कालवा खोदायचा, त्यात दारे बसवायची, होडी एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढवायची किंवा उतरवायची. दुम्मागुडेम येथील बंधारा या प्रयत्नाची साक्ष म्हणून आजही उभा आहे. मात्र काम जसजसे पुढे सरकले, तसतसा हिशेब अवघड होत गेला.

७/ अडचण होड्यांची नव्हती. गोदावरीवर स्थानिक नावाडी पिढ्यान्‌पिढ्या होड्या चालवत होते. अडचण काठाची होती. जलपाशांची दारे दरवर्षी दुरुस्त करावी लागणार होती, कालव्यांतील गाळ काढावा लागणार होता. ठिकठिकाणी माल उतरवण्याचे धक्के, गोदामे आणि पहारा हवा होता. होडी नदीत असो वा नसो, हा खर्च चालूच राहणार होता.

८/ त्यात ऋतूचा पेच होता. या वरच्या नद्यांना मोठ्या होड्यांपुरते पाणी असते ते पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस. कापसाची वेचणी सुरू होते दिवाळीच्या आगेमागे आणि सरकी काढलेला कापूस गठ्ठे बांधून तयार होतो तो हिवाळ्यात. म्हणजे माल तयार होई तेव्हा नदी आटू लागलेली असे आणि नदी भरलेली असे तेव्हा माल शेतात असे. उरलेले महिने होड्या काठावर पडून राहणार, पण त्यांची निगा मात्र ठेवावीच लागणार.

९/ दरम्यान १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली. कापूस मुंबईकडे वळला. अखेर ऑक्टोबर १८७१ मध्ये सरकारने वरच्या गोदावरीची योजना सोडून दिली. तोवर सुमारे ७ लाख पौंड खर्च झाले होते. पुढील काही वर्षांत वर्ध्याहून हिंगणघाट आणि वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग आला, आणि कालांतराने माजरीहून वणी-राजूरकडेही फाटा निघाला. राजूरला नावेची वाट मिळाली नाही, रुळांची मिळाली.

१०/ वाफेने शिडाला हरवले, असे या कथेचे तात्पर्य सहसा काढले जाते. ते अर्धेच खरे आहे. रेल्वे कंपन्यांना त्यांच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची सरकारी हमी होती. तोटा झाला, तर तो हिंदुस्थानच्या महसुलातून भरून दिला जाई. जलमार्गांना अशी हमी नव्हती, त्यांनी स्वतःच्या मिळकतीवर उभे राहावे अशी अपेक्षा होती. कॉटन यांची तक्रार नेमकी हीच होती. रुळांचा काठ सरकारने सांभाळला, होडीचा काठ कोणी सांभाळला नाही.

११/ येथे या इतिहासाचे सूत्र हाती लागते. होडी पाण्यावर चालते, पण तिचा मोठा खर्च काठावर होतो. ती बांधण्याचा पैसा एकदाच लागतो, ती ठेवण्याचा पैसा दरवर्षी लागतो. हा दुसरा खर्च कोणी उचलायचा, यावर कोणाच्या होड्या टिकतात आणि कोणाच्या मोडीत निघतात हे ठरते. वर्धेवर १८७१ मध्ये न सुटलेला हा प्रश्न कोकण किनाऱ्यावर त्याआधी दीडशे वर्षे लेखी मांडला गेला होता.

१२/ तो मांडला रामचंद्रपंत अमात्यांनी. इ.स. १७१५ च्या सुमाराच्या त्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. युद्धाचे डावपेच त्यात आहेतच, पण त्याहून लक्षवेधी आहे तो आरमार पोसण्याचा विचार. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर उभारलेल्या आरमाराचा सुमारे सहा दशकांचा अनुभव या पानांमागे होता.

१३/ अमात्यांचा सल्ला असा : आरमाराचा पगार आणि खर्च मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, बंदराच्या कमाईवर टाकू नये. बंदरात येणाऱ्याजाणाऱ्यांकडून मिळेल त्यावर आरमार जगू लागले, तर त्याची माणसे सावकारांना आणि व्यापाऱ्यांना पिडू लागतात. मग व्यापारी बंदर सोडून जातात आणि बंदरच ओस पडते. ज्यांच्या येण्याने बंदर जगते, त्यांच्याच खिशावर सारा भार टाकू नये, हा त्याचा मथितार्थ.

१४/ पावसाळ्यातील मुक्कामाचाही विचार आज्ञापत्रात आहे. समुद्र खवळण्याआधीच आरमाराने किल्ल्याच्या आश्रयाच्या सुरक्षित बंदरात छावणी करावी, पण दरवर्षी एकाच बंदरात करू नये. जहाजांच्या लाकडासाठी रयतेची झाडे जबरीने तोडू नयेत, झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. नौकांच्या मुक्कामाचा बोजा काठावरच्या गावांना किती जड जातो, याची ही स्पष्ट जाणीव आहे.

१५/ हा बोजा म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी लाकडी गलबताचे वर्ष पाहावे. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडे असतात. तळाला शेवाळ आणि कालवे चिकटतात आणि वेग मंदावतो. म्हणून गलबत ठरावीक काळाने कोरडे करून तळ खरवडावा लागतो, फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकावा लागतो, तळाला चुना आणि चरबी यांचा लेप द्यावा लागतो. शीड, दोर आणि डोलकाठी यांची देखभाल निराळीच.

१६/ राजूरच्या भट्ट्यांत चुनखडी भाजून चुना निघतो, तर कोकणात तो शिंपल्यांपासूनही काढत. चुना, तेल, लाकूड आणि मजूर हे सारे किनाऱ्यावर जवळपास मिळे. कोरडे करण्यासाठीही खर्च नसे. मुंबई परिसरात मोठ्या भरतीच्या दिवसांत पाण्याची पातळी चार-पाच मीटरांनी चढते आणि उतरते. भरतीला गलबत चिखलाच्या पुळणीवर आणायचे, ओहोटीला ते आपोआप कोरडे पडते. ओहोटी ही गरिबांची सुकी गोदी होती.

१७/ मोठ्या जहाजांना मात्र बांधीव गोदी लागे. विजयदुर्गच्या खाडीत मराठ्यांच्या जहाजांसाठी तशी गोदी होती, तिचे अवशेष आजही दाखवतात. विजयदुर्गनेच काठाचा दुसरा धडाही दिला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजी आरमाराने, पेशव्यांशी हातमिळवणी करून, तुळाजी आंग्र्यांवर हल्ला केला. बंदरात एकमेकींना बांधून उभ्या असलेल्या नौकांपैकी एकीवर तोफगोळा पडला आणि ती आग पसरत जाऊन जवळजवळ सारे आरमार जळाले.

१८/ पाण्यावर फिरण्याचेही मोल होते. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज आपल्या परवान्याशिवाय कोणाला समुद्रावर फिरू देत नसत. परवान्याचे शुल्क फार नसे, पण परवाना घेणाऱ्याला पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरावी लागे. पुढे सरखेल कान्होजी आंग्र्यांनीही आपल्या किनाऱ्यावर दस्तकांचा अधिकार बजावला. इंग्रजांनी तो अमान्य केला आणि त्यातून वर्षानुवर्षे लढाया झाल्या. मुद्दा एकच होता : काठावर हुकमत कोणाची आणि तिचे मोल कोणी भरायचे.

१९/ इंग्रजांनी मुंबईत काठ दगडात बांधला. १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया मुंबईत आले. १७५० मध्ये येथे सुकी गोदी तयार झाली. याच गोदीवाड्यात वाडिया घराण्याने सागवानी जहाजे बांधली. १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे त्यांतील एक. ते इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. उत्तम काठ आणि अखंड निगा मिळाली, तर लाकडी जहाज दोनशे वर्षे टिकते. पण ती निगा करणारी संस्था मागे असावी लागते.

२०/ एकोणिसाव्या शतकात मुंबईचा किनारा हळूहळू मालमत्ता बनला. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी १८४० च्या दशकाच्या आरंभी भराव घालून बांधलेला ‘भाऊचा धक्का’ त्यांचे नाव अजून मिरवतो. हा मराठी माणसाच्या उद्यमाचा अभिमानास्पद नमुना आहे. त्यानंतर खासगी कंपन्या किनाऱ्यावर भराव घालू लागल्या. जिथे पूर्वी पुळण होती तिथे धक्का आला, आणि धक्क्यासोबत धक्क्याचे भाडेही.

२१/ एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीच्या हाती बंदराचा मोठा भाग गेला, तेव्हा व्यापारी आणि सरकार दोघेही सावध झाले. किनाऱ्यावर एकाच कंपनीची मक्तेदारी झाली, तर ती मागेल ते भाडे द्यावे लागेल, अशी भीती होती. सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८७५ मध्ये खुली झालेली ससून गोदीही ट्रस्टने १८७९ मध्ये विकत घेतली. पुढे प्रिन्सेस गोदी १८८० मध्ये, व्हिक्टोरिया १८८८ मध्ये आणि अलेक्झांड्रा १९१४ मध्ये उघडली.

२२/ मक्तेदारी टळली, पण गोद्या झाल्या त्या आगबोटींच्या मापाच्या. फतेमारी, मचवा, पडाव आणि शिबाड ही शिडाची जहाजे किनाऱ्यालगत मीठ, लाकूड, कौले, नारळ आणि भात वाहत राहिली. त्यांना खोल गोदी नको होती, हवी होती उथळ पुळण, आणि नेमकी तीच भरावाखाली जात होती. किनारी आगबोटी कोकणचे उतारू आणि माल नेऊ लागल्या. वारा फुकट होता, तरी थांबण्याची जागा आता फुकट राहिली नव्हती.

२३/ त्याच बंदरात दुसऱ्या प्रकारची शिडेही होती. १८४६ मध्ये स्थापन झालेला बॉम्बे यॉट क्लब १८७६ मध्ये ‘रॉयल’ झाला आणि अपोलो बंदरावर त्याची वास्तू उभी राहिली. तेथे इंग्रज अधिकारी आणि व्यापारी हौसेने शर्यती खेळत. १९०८ च्या भारतीय बंदर कायद्यात एक बोलकी तरतूद होती : हौशी नौकांवर बंदरशुल्क आकारायचे नाही. वादळामुळे किंवा मोडतोडीमुळे परत यावे लागलेल्या जहाजांनाही तीच माफी होती. मीठ-कौले वाहून पोट भरणाऱ्या पडावाला मात्र केवळ त्याच्या शिडासाठी अशी सूट नव्हती.

२४/ आज तागडे उलटे झुकले आहे. वस्तू व सेवा कराच्या रचनेत करमणुकीच्या व क्रीडेच्या नौकांवर २८ टक्के कर होता, तो सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. मासेमारी नौकांवर तो ५ टक्के आहे. धनिकांच्या आलिशान यॉटवर जादा कर असावा, यात वावगे काही नाही. पण कराच्या यादीत क्रीडेची नौका आणि करमणुकीची यॉट एकाच ओळीत बसतात. त्या ओळीत नौकेची लांबी विचारली जात नाही आणि मालकाची ऐपतही.

२५/ शिवाय कर एकदाच भरावा लागतो, जागेचे भाडे दरवर्षी. मरिना म्हणजे लाटारोधक भिंत, तरंगता धक्का, पाणी, वीज, राखण, नौका उचलण्याची यारी आणि गाळ काढण्याची कायमची तजवीज. बहुतेक मरिना भाडे नौकेच्या लांबीवर ठरवतात. जागा मोजक्या असल्या की तेवढ्याच पाण्यात मोठ्या नौकेला जागा दिली, तर मिळकत वाढते. नौका जुनी होईल तशी तिची किंमत उतरते, पण तिच्याखालच्या पाण्याचे भाडे उतरत नाही. अखेर असा दिवस येतो, की नौका विकून येईल त्याहून अधिक ती ठेवण्यास लागते. छोट्या नौकेचा मालक मग खेळ सोडतो.

२६/ मुंबईत तर भर आहे पावसाळ्याची. गेटवेसमोरच्या पाण्यात हौशी नौका तरंगत्या खुणांना बांधून असतात. जून ते ऑगस्टच्या वाऱ्यात त्या तेथे सुरक्षित राहत नाहीत. त्यांना किनाऱ्यावर ओढून ठेवावे लागते, आणि भारतातील सर्वांत महागड्या जमिनींत या किनाऱ्याची गणना होते. वर्धेवरच्या होड्यांना उन्हाळा आडवा येणार होता, मुंबईच्या होड्यांना पावसाळा येतो. ऋतू उलटे असले, तरी पडून राहिलेल्या होडीचा खर्च सारखाच.

२७/ या खर्चाचा परिणाम खेळावर स्पष्ट दिसतो. भारताचे शिडाच्या नौकांमधील अनेक नामवंत खेळाडू लष्कर आणि नौदलातून आले. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये उतरलेले विष्णू सरवणन हे लष्करातलेच, आणि लष्कराचे नौकानयन केंद्र मुंबईत कुलाब्याला आहे. त्यांच्या कौशल्यामागे जिद्द आहेच, पण काठाचा खर्च उचलणारी संस्थाही आहे. किनाऱ्यावरच जन्मलेल्या, वाऱ्याची जाण रक्तात असलेल्या कोळीवाड्यातील मुलामुलींना तशी संस्था क्वचितच लाभते.

२८/ प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या जुन्या गोद्या आता भरून टाकल्या आहेत. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर मरिना उभारण्याच्या योजना गेली अनेक वर्षे मांडल्या जात आहेत. १९०८ च्या बंदर कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली. म्हणजे काठ नव्याने आखला जाण्याची ही वेळ आहे. एकोणिसाव्या शतकातील भरावांच्या वेळी पडावांच्या तांडेलांना कोणी विचारले नव्हते. या वेळी कोण विचारले जाते, यावर पुढच्या पिढीचे शीड अवलंबून आहे.

२९/ काठाचा खर्च उचलण्याचे तीन मार्ग या इतिहासात दिसतात. एक, वापरणाऱ्याकडून पुरेपूर वसुली, म्हणजे आजची बहुतेक मरिना. या मार्गाने छोटा माणूस गळतो. दोन, सरकारची आंधळी हमी, म्हणजे रेल्वे कंपन्यांचे ५ टक्के. या मार्गाने तोटा रयतेवर पडतो. तीन, अमात्यांचा मार्ग : काठ हे राज्याचे काम मानून त्यासाठी मुलखाच्या वसुलातून ठरावीक नेमणूक करायची, आणि त्याच वेळी काठावरच्या रयतेला उपद्रव होऊ द्यायचा नाही.

३०/ तिसऱ्या मार्गाला आजच्या भाषेत उतरवणे कठीण नाही. नव्या मरिनेत काही जागा छोट्या शिडाच्या नौकांसाठी आणि शिकाऊ मुलांसाठी कमी भाड्याने राखून ठेवता येतात. होड्या ओढून ठेवण्यासाठी एखादी पुळण भरावापासून वाचवता येते. कर नौकेच्या लांबीप्रमाणे ठरवता येतो. यासाठी मोठा निधी लागत नाही. लागते ती, काठ हा सर्वांचा आहे, ही अमात्यांना असलेली जाण.

३१/ वर्धेवर जलमार्ग झाला असता, तर राजूरच्या आसपासही कदाचित एखादा धक्का असता, नावाडी असते, जूनमध्ये नदी भरली की शिडे उभारण्याची लगबग असती. सात लाख पौंड खर्चूनही ते घडले नाही, कारण पात्रातले खडक फोडण्याचा हिशेब मांडला गेला, पण काठ कायमचा राखण्याची जबाबदारी घेणारा कोणी नव्हता. मुंबईच्या बंदराचा नवा आराखडा वाचताना तरुणांनी तो हिशेब आवर्जून शोधावा. शीड किती मोठे आहे हे नंतर पाहता येईल. ते उतरवून ठेवायला जागा कोणासाठी राखली आहे, हे आधी पाहावे.